मुऱ्हाळ्याची टोपी

ईरा आणि नील,

गेल्या एकतीस डिसेंबरला तुम्ही दोघांनी मला फोन केलात. नीलचा फोन संध्याकाळी आला, मी मेथी निवडत होते आणि मेलबर्नला बारा वाजले होते. ईराचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, मी अंघोळीला निघाले होते आणि टोरांटोला बारा वाजले होते. मधल्या वेळात आमच्या जळगावचेही बारा वाजून गेले, ते खालच्या गाळ्यांसमोर लावलेल्या डीजेमुळे मला कळले. एकच वर्ष माझ्या घरात तीनदा आले आणि प्रत्येक वेळी माझ्या हातातले काम अडले. त्यात ईराने विचारले, "आजी, आपलं खरं न्यू इयर गुढीपाडव्याला असतं ना? मला शाळेत सांगायचंय." न्हाणीघरात बादली भरून वाहत होती, म्हणून मी "हो" म्हणून फोन ठेवला. त्या "हो"ने मला तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवले. अर्धवट उत्तराखाली लाल रेघ ओढल्याशिवाय मी पुढे कधी गेले नाही, मग स्वतःच्याच नातीला दिलेले अर्धवट उत्तर कसे राहू देऊ? आणखी एक. तुम्ही दोघेही फोन ठेवताना म्हणता, "पुढच्या वर्षी नक्की येतो, आजी." कुठले वर्ष, ते मी विचारत नाही. खान्देशात वर्ष हा शब्द किती ढिला आहे याची तुम्हाला कल्पना नाही. ती यावी म्हणून लिहिते आहे.

आमच्या न्हाणीघराचा नळ गळतो. नळवाल्याला मी दसऱ्याला सांगितले, तो म्हणाला दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाल्यावर म्हणाला, आता नवीन साल लागलंच समजा. नवीन साल लागले, तर संक्रांत आली. परवा भेटला तर म्हणतो, "पाडव्याला मुहूर्त करतो, मॅडम." गळत्या नळाला मुहूर्त! मी रागावले खरी, पण मला आश्चर्य वाटले नाही. मी असल्या घरातच वाढले आहे.

आमचे घर पहूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पुढे ओटा, मागे गोठा, गोठ्यापलीकडे विहीर, आणि विहिरीपासून कापूस आणि थोडी केळी. घरात नाना, म्हणजे माझे वडील, आई, थोरला भाऊ, ज्याला सगळे गाव भाऊच म्हणायचे, सुमनअक्का, आणि शेंडेफळ मी. माझे मामा जळगावला होते, म्हणून मला इंग्रजी शाळेत घालायचे त्यांच्या डोक्यात आले आणि मी त्यांच्याकडे राहून शिकले. शाळेत एक मिस होत्या. त्यांच्यासाठी वर्ष एक जानेवारीला सुरू व्हायचे आणि एकतीस डिसेंबरला संपायचे, मधल्या एकाही दिवसाला इकडेतिकडे हलायची मुभा नव्हती. मला ते फार आवडले. पहिल्यांदाच कोणीतरी मला सांगत होते की गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते. अक्षर सुवाच्य म्हणून त्यांनी मला भिंतीवर लावायचे एक कॅलेंडर बक्षीस दिले. एकेका पानावर एकेक महिना, वर थंड देशांतल्या डोंगरांची चित्रे. मी ते सुटीत घरी नेऊन मधल्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगले. दुसऱ्या दिवशी त्या खिळ्यावर भाऊचा सदरा होता. सदरा काढला, तर फेब्रुवारी गायब. आईने ते पान फाडून त्यात तीळ बांधून शेजारी पाठवले होते. मी पाय आपटले.

"आई, तो महिना आता आम्ही पाहायचा कुठे?"

"आला कुठी तो अजून?" आई म्हणाली. "आला म्हंजे पाहू."

मी तणतणत नानांकडे गेले. नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. मी म्हटले, "नाना, वर्ष नेमकं कधी सुरू होतं ते एकदा या घरात ठरवा."

"कोनाचं?" नानांनी विचारले.

"कोणाचं म्हणजे? वर्ष एकच असतं."

"असं कसं? देवाचं पाडव्याले लागते. व्यापाऱ्याचं दिवाळीले. तुह्यं शाळेचं जूनमधी. सालदाराचं अखाजीले." मग दोराला गाठ मारत म्हणाले, "अन् केळीचं वर्ष तं दीड वर्साचं असते. तुह्या मिसले सांग, त्याचं पान कुठी लावशील म्हना."

मी हे मिसना सांगितले नाही. पण नानांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि त्यामुळेच चीड यायची. एक नवे वर्ष असते तर त्याला धरून माणसाला जाब विचारता आला असता. आमच्याकडे एक वर्ष चुकले की लगेच पुढे दुसरे उभे. न्हाणीचा कोयंडा पाडव्याला बसवायचा होता, तो अखाजीवर गेला. अखाजीला वेळ झाला नाही, तो दिवाळीवर गेला. मला फळ्यावरचे दिसेनासे झाले होते, तर माझ्या चष्म्यानेही अशीच दोन-तीन नवी वर्षे पाहिली. घरात कोणी कशाला नाही म्हणत नसे. सगळे "हो" म्हणत, आणि "हो"च्या पुढे एखादा सण लावत.

तुम्हाला अखाजी माहीत नसेल. पुस्तकात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, आणि पुण्या-मुंबईकडे त्या दिवशी सोन्याच्या दुकानात गर्दी करतात. आमच्या खान्देशात तो दिवाळीहून मोठा सण. वैशाखातले ऊन असे की दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी सोडून यावी. शेतात काही नसते, माणूस मोकळा असतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर घरचा होऊन राहणारा गडी. त्याचे साल अखाजीला फिटते आणि अखाजीलाच नवे लागते. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज किंवा आंबा ठेवतात. चुलीवर खापर पालथे घालून त्यावर आई पुरणाचे मांडे करायची. दोन्ही हातांवर पोळी झेलत, फिरवत ती एवढी वाढवायची की कोपरापर्यंत लोंबायची, आणि मग एका झटक्यात खापरावर. सोबत आंब्याचा रस, तळलेल्या कुरडया. पण अखाजी खरी ती लेकींची. लग्न झालेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात. गावातल्या प्रत्येक निंबाला झोका असतो आणि प्रत्येक झोक्यावर कोणाची तरी सासुरवाशीण लेक गाणे म्हणत असते. वर्षभर जिने डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नसतो, ती त्या दिवशी झोक्यावर उभी राहून शेजारच्या घराच्या छपरापर्यंत जाते आणि तिला कोणी काही बोलत नाही.

मात्र लेक आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचे माणूस जावे लागते. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुतेक भाऊ, नाहीतर बाप, नाहीतर काका. तो कुरडया-आंब्यांची टोपली घेऊन जातो, तिच्या सासरी मानाने जेवतो, एक रात्र राहतो आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघतो. निघताना सासरची माणसे त्याला टोपी आणि उपरणे देतात. मुऱ्हाळी आला नाही तर सून जात नाही. गाडी असली, पैसे असले, सासूची परवानगी असली, तरी जात नाही. कारण मुऱ्हाळी न येणे याचा सगळ्या गावाने काढलेला अर्थ एकच असतो: हिची माहेरी कोणाला काही पडलेली नाही.

सुमनअक्काचे लग्न आदल्या उन्हाळ्यात झाले होते. तिचे सासर शिरपूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत. दिवाळीला तिला आणायची होती, पण तिच्याकडे कापूस वेचणीला आला होता आणि आमच्याकडेही. नाना म्हणाले, "अखाजीले आनू." लग्नानंतर ती एकदाही घरी आलेली नव्हती. घरातला आवाजच कमी झाला होता. अक्का भांडी घासतानासुद्धा गायची, पाण्याला जाताना विहिरीशी बोलायची, आणि माझ्या इंग्रजी कवितांना स्वतःच्या चाली लावून त्या गोठ्यात म्हशीला ऐकवायची. त्या सुटीत मी कॉलेजचे पहिले वर्ष संपवून घरी आले, तेव्हा आई अखाजीच्या तयारीला लागलेली होती. नवे खापर आणले, पाणी घालून मुरवले. माळ्यावर गवतात आंबे घातले. भाऊकडून निंबाला झोका बांधून घेतला आणि गल्लीतल्या पोरींना बजावले, "पहिला झोका सुमनचा. तोवर कोनी बसायचं नाही." रोज सकाळी अंगण झाडताना ती तो दोर ओढून पाहायची. रोज.

आता घडले ते असे. अखाजी तोंडावर आली तशी आमच्या सालदाराची बोली संपत आली आणि तो आठवडाभर आधीच बिऱ्हाड घेऊन आपल्या गावी गेला. नानांचे लक्ष नवा सालदार मिळवण्यात. भाऊवर गुरे आणि केळीचे पाणी. आई रोज म्हणायची, "सुमनले आनाले जायाचं हाये बरं." नाना म्हणायचे, "हो, जायाचं हाये." भाऊ म्हणायचा, "हो, जायाचंच हाये." आणि एका सकाळी भाऊ धुतलेला सदरा घालून, टोपली नव्हे पण पिशवी घेऊन बाहेर पडला. आईला वाटले, निघाला. टोपली विसरला म्हणून ती चुटपुटली, पण तिच्या चेहऱ्यावरून दिवसभर आनंद ओसंडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक येणार म्हणून तिने वांग्याचे भरीत केले, अक्काला आवडते तसे, मिरची ठेचून. नानाही म्हणाले, "बरं झालं, भाऊ गेला."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला. त्याच्या हातात बैलाच्या गळ्यातली नवी घुंगरमाळ होती.

आई दारातच उभी होती. ती त्याच्या मागे रस्त्याकडे पाहत राहिली. "सुमन कुठी हाये?"

"मले काय माहीत?" भाऊ म्हणाला. "नाना जानार होते ना?"

"मी?" नाना आतून म्हणाले. "तू गेलता ना?"

"मी जामनेरले गेल्तो, बैल पाहाले. काल सांगितलं ना तुम्हाले."

"मले वाटलं जामनेरवरून शिरपूरले जाशील."

ईरा, नील, तुमच्याकडे नकाशा असेल तर जामनेर आणि शिरपूर त्यावर शोधा. एक आमच्या पूर्वेला, एक दूर पश्चिमेला. जामनेरवरून शिरपूर म्हणजे ताटाला वळसा घालून वाटीत हात घालण्यासारखे. पण त्या क्षणी दोघांनाही ते वाक्य पूर्ण पटण्यासारखे वाटत होते, आणि दोघेही एकमेकांकडे असे पाहत होते की चूक समोरच्याच्या खिशात आहे. अखाजी परवावर आली होती. उद्या कोणीतरी निघाले तरच जमणार होते. नाना म्हणाले, उद्या नवा सालदार बोली करायला येणार, मी नसलो तर तो दुसऱ्याकडे जाईल. भाऊ म्हणाला, केळीला उद्या पाणी दिले नाही तर बाग वाळेल, गुरांना कोण पाहील? दोघांचेही खरे होते. आमच्या घरात सगळ्यांचे नेहमीच खरे असायचे. मग नाना घसा साफ करून म्हणाले, "जाऊ दे. आता दिवाळीले आनू."

ते वाक्य ऐकून माझे डोके जे फिरले! अक्का तिकडे गाठोडे बांधून बसली असेल, तिला सासूची बोलणी बसत असतील, आणि इकडे तिला एका सणावरून उचलून दुसऱ्या सणावर ठेवून दिले, न्हाणीच्या कोयंड्यासारखे. मी म्हटले, "मी जाते."

"कुठी?" नानांनी विचारले.

"शिरपूरला. अक्काला आणायला."

भाऊ हसला. "तू मुऱ्हाळी? मिशी लाव मंग."

"मुऱ्हाळी बाप्या मानूस असते," नाना म्हणाले. "पोरगी गेली तं ते लोक काय म्हनतील? याहीच्या घरचे सगळे मेले का?"

"नाही गेलं तरी तेच म्हणतील."

नानांनी आईकडे पाहिले, म्हणजे तिने मला गप्प करावे. आई त्या घरात कशाचाही निकाल लावत नसे. ती भरिताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. झाकण ठेवून ती उठली, माळ्यावर गेली, आणि आंबे काढून टोपलीत लावू लागली. खाली न पाहता म्हणाली, "पह्यल्या गाडीनं जा. जळगावले बदलजो." झाले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने जळगाव, तिथून चोपड्यावरून शिरपूरकडची गाडी. टोपली मांडीवर, गाडीत जनावरांच्या बाजाराला निघालेली माणसे, आणि खिडकीतून भट्टीसारखा वारा. वाटेत मी मनातल्या मनात सगळ्यांना सुनावत होते: नानांना, भाऊला, सालदाराला, पंचांगाला. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होते. मी पदर नसलेली, दोन वेण्यांची, पुढे टोपली धरून गावातून चालले, तर ओट्याओट्यावरून माना वळत होत्या.

अक्काचे सासरे ओट्यावर घोंगडीवर बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. अक्काच्या सासूबाई दारात धान्य पाखडत होत्या. अक्काचे यजमान बैल घ्यायला धुळ्याच्या बाजाराला गेले होते, हे मला नंतर कळले. दाराच्या आत, भिंतीला टेकून, अक्का बसलेली दिसली. शेजारी खरोखर बांधलेले गाठोडे. तिने मला पाहिले आणि उठली नाही. तिची नजर माझ्या मागे रस्त्यावर गेली, कालच्या आईसारखीच.

"कोन शे व?" सासूबाईंनी विचारले. तिकडे अहिराणी बोलतात: 'शे' म्हणजे आहे, 'उनी' म्हणजे आली, 'लेवाले' म्हणजे न्यायला, 'बठ्ठं' म्हणजे सगळं.

"मी सुमनअक्काची बहीण. तिला न्यायला आले."

"तुना भाऊ कथा शे?"

"तो नाही आला. नानाही नाही. मीच आले."

सूप त्यांच्या हातात तसेच राहिले. "आव माय! पोर मुऱ्हाळी बनीसन उनी! भाऊ ना बाप, पोर धाडी दिनी. आमनी काही इज्जत शे का नही? गावमा बठ्ठा हासतीन." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "उनी शे तं जेव, झोप, सकाळे घर जाय. अशी सून नही धाडस मी." म्हणजे त्या अक्काला पाठवणार नव्हत्या.

मी कॉलेजात वादविवादात बोलत असे. तिथे मी फक्त टोपली आणखी थोडी पुढे केली. तिच्या भाराने हात अवघडले होते. तेवढ्यात आबा खाकरले.

"मुऱ्हाळीले पानी दिधं का?"

"कसाना मुऱ्हाळी?" सासूबाई म्हणाल्या.

"माहेरथून टोपली लई उनी शे, लेवाले उनी म्हनस. मंग मुऱ्हाळीच शे ना? पानी दे." आणि मला म्हणाले, "बस आठे."

मी घोंगडीवर बसले. आबा रीतीभातीचे फार पक्के. एकदा मी मुऱ्हाळी ठरले म्हटल्यावर त्यांनी मुऱ्हाळ्याशी जे बोलतात तेच बोलायला सुरुवात केली. "कापूस कसा व्हयना औंदा तुमनाकडे?" मी म्हटले, बरा झाला. बोंडअळीचे विचारले, मी सांगितले. विहिरीला पाणी किती ते विचारले. मग सवयीने त्यांनी कनवटीची तंबाखूची पिशवी काढली, चिमूट घेतली आणि पिशवी माझ्यापुढे केली. हात अर्ध्यावर थांबला. पिशवी परत घ्यावी तर मुऱ्हाळ्याचा अपमान, द्यावी तर पुढ्यात वेण्यांची पोर. त्यांनी ती हळूच आमच्या दोघांच्या मधोमध घोंगडीवर ठेवली आणि आकाशाकडे पाहू लागले. आतून अक्काचे हसू ऐकू आले. एका वर्षानंतर पहिल्यांदा. ती तोंडात पदर कोंबून हसत होती, तरी मला ते ओळखू आले.

पण सासूबाई बधल्या नव्हत्या. संध्याकाळी मला आबांच्या पंगतीला बसवले, कारण मुऱ्हाळी पुरुषांत जेवतो. त्या वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "एवढ्या उन्हामा एकली उनी. भेव नही वाटना?"

"भीती नाही वाटली. राग आला होता."

"कोनावर?"

"सगळ्यांवर. ते म्हणाले, आता दिवाळीला आणू."

त्यांच्या हातातली पळी वाटीवरच थांबली. आमटी ठिबकून ताटात पडली. "माले बी आसंच सांगेत," त्या म्हणाल्या. "औंदा नही, पुढला साले." त्यांचे माहेर वर, सातपुड्याच्या पायथ्याला. भाऊ एकच होता, तो तरणाच वारला. वडील गेले. तिकडे म्हातारी आई आणि धाकटी बहीण राहिली. तेव्हापासून अखाजीला कोणी आलेले नव्हते. गावातल्या बाया झोक्याला जात, तेव्हा या घरात काहीतरी काम काढत. हे त्यांनी रडून सांगितले नाही. भाकरी वाढावी तसे सांगितले. शेवटी एवढेच म्हणाल्या, "मुऱ्हाळी नही, मंग माहेर बी नही." आबांनी ताटातून मान वर केली नाही.

सकाळी मी तोंड धुऊन आले तर ओट्यावर पितळी ताट मांडलेले. त्यात नारळ, कोरे उपरणे आणि पांढरी टोपी. नव्या सुनेच्या पहिल्या मुऱ्हाळ्यासाठी ती आधीपासून आणून ठेवलेली होती. अक्का गाठोडे घेऊन दारात उभी होती आणि काय चालले आहे ते तिलाही समजत नव्हते.

"पोरीले टोपी?" आबा म्हणाले.

"तुम्हीच म्हन्नात ना मुऱ्हाळी शे?" सासूबाईंनी टोपी उचलली, दोन बोटांनी तिची घडी उलगडली आणि माझ्या दोन वेण्यांवर बसवली. ती कपाळावरून खाली सरकली, त्यांनी मागे ढकलली. "बहीन बी लेवाले येस," त्या म्हणाल्या, "हाई माले आते समजनं." मग सुनेकडे वळून करड्या आवाजात म्हणाल्या, "उभी काय राहिनी? गाडी चुकी."

अक्काने मला टोपी काढू दिली नाही. फाट्यावर नाही, गाडीत नाही. कंडक्टर म्हणाला, "टोपीवाल्या साहेबांचं तिकीट कोन काढनार?" आणि सगळी गाडी हसली. अक्का त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसली. चोपड्यापर्यंत ती हसत होती, आणि चोपड्यानंतर माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली.

घरी पोचलो तेव्हा नाना ओट्यावर नव्या सालदाराशी बोली करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या डोक्याकडे पाहिले.

"हे काय?"

"मुऱ्हाळी हाये नाना," अक्का म्हणाली. "उठून मान द्या."

सालदार हसला, म्हणून नानांनाही हसावे लागले. मग हात पुढे करून म्हणाले, "दे इकडे. माह्यी फाटली. मले व्हईन."

आई पिठाच्या हातांनी दारात आली. "तिची हाये ती. तुम्ही गेले असते तं तुमची राह्यली असती." एवढे बोलून तिने अक्काच्या दोन्ही गालांना पीठ लावले आणि आत गेली. खापर तापले होते.

त्या दिवशी घागर भरून झाली, मांडे खाऊन झाले, आणि अक्का झोक्यावर उभी राहिली. मी खालून पाहत होते. मला वाटले होते, आपण एक गोष्ट कायमची नीट लावून दिली, आता घरातले शिकतील. कसले शिकतात! पुढच्या अखाजीला नाना आणि भाऊ दोघेही निश्चिंत. आठवडाभर आधी नाना मला विचारतात, "मुऱ्हाळी कव्हा निंघते?" ते काम माझ्या गळ्यात पडले ते पडलेच. माझे लग्न झाल्यावर तर असे व्हायचे की आधी भाऊ मला माझ्या सासरहून मुऱ्हाळी म्हणून आणायचा, आणि घरी पाणी पिऊन मी अक्काला आणायला निघायची. पण त्या पुढच्याच अखाजीला मी गेले तेव्हा अक्काच्या सासूबाई घरी नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण आदल्या दिवशी येऊन त्यांना घेऊन गेली होती. आबांनी स्वतः चहा केला, तो पाण्यासारखा झाला होता. तो माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "तू बठ्ठं बिघाडी टाकं," आणि तंबाखूची पिशवी या वेळी कनवटीतच ठेवली.

तेव्हा ईरा, शाळेत सांग, आमचे नवे वर्ष अखाजीला लागते. कोणी विचारले की ती कॅलेंडरात कुठे असते, तर सांग की दर वर्षी जागा बदलते, आजीने पुष्कळ तक्रार करून पाहिली. आणि तुम्ही दोघे "पुढच्या वर्षी" म्हणाल तेव्हा कुठल्या, ते यापुढे मी विचारणार आहे.

आता पहूरच्या घरात झोका नाही. निंब रस्ता रुंद करताना गेला. खापरावरचे मांडे जळगावात विकत मिळतात. टोपी माझ्या कपाटात आहे, तिला कसर लागली आहे. अक्का शिरपूरला लेकाकडे असते. त्याच्याकडे गाडी आहे, तो म्हणतो, "मावशी, तू कशाला त्रास घेतेस, मी सोडतो तिला." ती ऐकत नाही. अखाजीच्या आदल्या दिवशी ती पिशवी भरून ओट्यावर येऊन बसते, आणि मी तिथे पोचेपर्यंत उठत नाही.